सॅमवाइज म्हणजे अर्धशहाणा: फँटसी कादंबऱ्यांतली नावं कुठून येतात

(विद्यार्थ्यांच्या एका वाचनगटासमोर केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)



समाजशास्त्रात पीएचडी करणारी मुलगी ड्रॅगन, बुटके आणि जादूगारांवर काय बोलणार, असं आयोजकांपैकी एकानं मला तोंडावरच विचारलं. मी म्हटलं, नावांवर बोलते. नाव ही गोष्ट आपल्याइतकी कुणाला कळते? आपण नाव सांगितलं की समोरचा आडनाव विचारतो, आडनाव सांगितलं की गाव विचारतो, आणि गावात घर नेमकं कुठल्या बाजूला एवढंच विचारायचं शिल्लक ठेवतो.

दुसरंही एक कारण आहे. इथे बसलेले बहुतेक जण घरातले पहिले पदवीधर आहेत. फँटसी कादंबऱ्या आपल्याला हॉस्टेलवर, मित्राच्या पेनड्राइव्हमधून, नाहीतर फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात भेटतात. वाचताना मजा येते. पण मग वर्गात कुणीतरी म्हणतं, "रीमस नाव ऐकल्यावरच कळत नाही का, हा लांडगा निघणार म्हणून?" सगळे हसतात, आपणही हसतो, आणि मनात म्हणतो, कसं कळणार होतं बुवा? त्या हसण्यामागे हुशारी नसते, घरातलं कपाट असतं. त्या कपाटात काय ठेवलंय ते आज थोडं काढून बघू. ते फार मोठं नाही, आणि त्याला कुलूपही नाही.

सुरुवात टोल्कीनपासून करते, कारण नावांच्या बाबतीत त्याच्याइतका वेडा लेखक दुसरा नाही. जे. आर. आर. टोल्कीन ऑक्सफर्डला प्राध्यापक होता. १९२५ ते १९४५ अँग्लो-सॅक्सन, म्हणजे जुनी इंग्रजी, हे त्याचं अध्यासन. 'द हॉबिट' आलं १९३७ मध्ये. त्यात तेरा बुटके एका हॉबिटाच्या दारात येऊन उभे राहतात: थोरिन, ड्वालिन, फिली, किली, डोरी, नोरी, ओरी, बिफुर, बोफुर, बोंबुर वगैरे. लहान मुलांना हसवायला यमक जुळवून केलेली नावं वाटतात ना? तशी ती नाहीत. आइसलँडमध्ये तेराव्या शतकात लिहिलेल्या एका हस्तलिखितात जुनी नॉर्स काव्यं आहेत, त्यांना 'एडा' म्हणतात. त्यातल्या 'व्होलुस्पा' नावाच्या काव्यात जगाची उत्पत्ती सांगता सांगता मध्येच बुटक्यांच्या नावांची एक लांबलचक यादी येते. नुसती यादी. कोण कुणाचा कोण, कुणी काय केलं, जवळजवळ काहीच नाही. आपल्याकडे पोथीत वंशावळ सुरू झाली की ऐकणारे पेंगायला लागतात, तसलाच भाग. टोल्कीननं त्याच यादीत हात घातला आणि तेरापैकी एक बालिन सोडला तर बाकी सगळे बुटके तिथून उचलले. १९३८ मध्ये एका वर्तमानपत्राला पाठवलेल्या पत्रात त्यानं हे सरळ सांगूनही टाकलंय.

त्या यादीत आणखी एक नाव आहे: गांडाल्फ. 'गांड्र' म्हणजे जादूची काठी आणि 'आल्फ्र' म्हणजे एल्फ, काठीवाला एल्फ. 'हॉबिट'च्या पहिल्या खर्ड्यात गांडाल्फ हे नाव बुटक्यांच्या म्होरक्याचं होतं आणि जादूगाराचं नाव होतं ब्लाडोर्थिन. पण बुटक्याच्या नावात एल्फ आणि काठी काय करतेय, हा प्रश्न भाषेच्या मास्तराला स्वस्थ बसू देईना. ज्याच्या हातात काठी त्याच्याकडे नाव गेलं. जगभर पोस्टरवर लागलेला तो पांढऱ्या दाढीचा म्हातारा एका यादीतल्या विसंगतीतून झालाय, असं म्हटलं तर फार चुकणार नाही.

त्याची काम करायची पद्धत दाखवायला एक उदाहरण पुरेसं आहे. त्याच यादीत 'एइकिन्स्क्याल्डी' असं एक नाव येतं, अर्थ ओकच्या लाकडाची ढाल. टोल्कीननं ते वेगळ्या पात्राला न देता थोरिनला बिरुद म्हणून लावलं: थोरिन ओकनशील्ड. आणि मग, पुष्कळ वर्षांनी, 'लॉर्ड ऑफ द रिंग्स'च्या परिशिष्टात त्या बिरुदाची गोष्ट लिहिली. तरुण थोरिनची ढाल लढाईत फुटते, तो ओकची फांदी तोडून डाव्या हातात धरतो आणि तिच्यावर वार झेलतो. म्हणजे आधी नाव होतं, गोष्ट मागाहून आली. बहुतेक लेखक पात्र तयार करतात आणि त्याला शोभेल असं नाव शोधतात. हा माणूस नाव हातात घेऊन बसायचा आणि विचारायचा, असं नाव पडायला काय घडलं असेल?

रोहानच्या घोडेस्वारांची नावं जुन्या इंग्रजीतली आहेत. 'एओह्' म्हणजे घोडा, म्हणून एओमेर, एओविन. एओमेर हे नाव 'ब्युवुल्फ' या जुन्या इंग्रजी महाकाव्यातही येतं. आणि त्यांचा राजा थिओडेन, तर 'थेओडेन' या शब्दाचा अर्थच राजा, धनी. म्हणजे राजा राजाराव. स्माउग ड्रॅगनचं नाव बिळातून अंग आकसून शिरणे अशा अर्थाच्या जुन्या क्रियापदावरून आलंय, आणि हा आपला एक हलका भाषिक विनोद आहे असं टोल्कीननंच सांगितलंय.

आता मला ज्याच्यासाठी हा विषय घ्यावासा वाटला त्याच्याकडे येते. सॅम.

'लॉर्ड ऑफ द रिंग्स'चा नायक फ्रोडो. घरचा सुखवस्तू, वाचणारा, टेकडीवरच्या मोठ्या घराचा वारस. त्याचं नाव ज्या जुन्या शब्दावरून आलंय त्याचा अर्थ शहाणा, अनुभवी. त्याचा माळी सॅम. पूर्ण नाव सॅमवाइज. नुसतं ऐकलं तर 'वाइज' म्हणजे शहाणा असंच वाटतं. पण जुन्या इंग्रजीत 'सॅम' हा उपसर्ग 'अर्धा' अशा अर्थी येतो. सॅमविस म्हणजे अर्धशहाणा, आपल्या भाषेत अर्धवट. मालक शहाणा आणि नोकर अर्धवट, हे नावातच लिहून ठेवलंय. सॅमच्या बापाचं नाव हॅमफास्ट, म्हणजे घर धरून राहणारा, घराबाहेर न पडणारा. सगळे त्याला गॅफर म्हणतात, इंग्लंडातल्या खेड्यात म्हाताऱ्या बाबाला म्हणतात तसं. आडनाव गॅमजी. हे तर पुराणातलंही नाही. टोल्कीनचं बालपण बर्मिंगहॅमकडे गेलं आणि तिकडे जखमेवर लावायच्या कापसाला गॅमजी म्हणत, कारण सॅम्पसन गॅमजी नावाच्या तिथल्या एका शल्यविशारदानं कापूस आणि जाळीच्या कापडाची पट्टी प्रचारात आणली होती. पुढे १९५६ मध्ये खरोखरच सॅम गॅमजी नाव असलेल्या एका गृहस्थाचं टोल्कीनला पत्र आलं, माझं नाव तुमच्या पुस्तकात आहे असं ऐकलं म्हणून. तर बघा: राजांची नावं महाकाव्यातून, बुटक्यांची एडामधून, आणि माळ्याचं आडनाव दवाखान्यातल्या कापसातून.

इथवर ऐकून कुणी म्हणेल, झालं, लेखक उच्चभ्रू होता, विषय संपला. मला तसं वाटत नाही. टोल्कीन पहिल्या महायुद्धात लँकेशायर फ्युझिलिअर्समध्ये अधिकारी होता, १९१६ मध्ये सोमच्या लढाईत होता. सॅम हा त्या युद्धात पाहिलेल्या साध्या शिपायांचं आणि अधिकाऱ्यांच्या ऑर्डर्लींचं प्रतिबिंब आहे आणि ती माणसं आपल्यापेक्षा कितीतरी सरस होती, असं त्यानं पुढे म्हटलंय. आणि कादंबरी नीट वाचली तर दिसतं की ते अर्धवट नाव पानापानानं खोटं पडत जातं. 'टू टॉवर्स'च्या शेवटच्या प्रकरणात मालक मेलाय असं वाटून सॅमला एकट्याला निर्णय घ्यावा लागतो. त्या प्रकरणाच्या शीर्षकात टोल्कीन त्याला 'मास्टर सॅमवाइज' म्हणतो. जन्मभर दुसऱ्याला मालक म्हणणाऱ्याला लेखक ते संबोधन तिथे देतो, जिथे त्याच्या मागे कुणी उरलेलं नाही. पुढे डोंगरावर तो फ्रोडोला पाठीवर घेऊन चढतो. आणि अगदी कड्यावर उभं राहिल्यावर अंगठी टाकायला नकार देतो तो शहाणा फ्रोडो.

गावी परतल्यावर फ्रोडो खंगत जातो आणि समुद्रापार निघून जातो. सॅम एकदा नाही, सात वेळा मेयर म्हणून निवडून येतो. पहिल्या मुलाचं नाव फ्रोडो ठेवतो, म्हणजे अर्धशहाण्यानं पोराचं नाव शहाणा ठेवलं. त्याच्या वंशाचं आडनाव पुढे गॅमजी राहत नाही, गार्डनर होतं. माळी. कामाचं नाव प्रतिष्ठित घराण्याचं नाव होतं आणि कुणी ते लपवत नाही.

आणि एक गोष्ट छापील कादंबरीत नाहीच. टोल्कीननं 'लॉर्ड ऑफ द रिंग्स'ला एक उपसंहार लिहिला होता. त्यात राजा अ‍ॅरागॉर्नचं सॅमला पत्र येतं, एल्फांच्या भाषेत. पत्रात सॅमच्या नावाचं भाषांतर 'पेर्हाएल' असं केलंय, अर्धशहाणा. आणि लगेच म्हटलंय की याला खरं तर 'पान्थाएल' म्हणायला हवं, पूर्णशहाणा. म्हणजे हिशोब चुकतोय हे टोल्कीनला ठाऊक होतं आणि राजाच्या तोंडून त्यानं तो दुरुस्तही केला होता. पण हा उपसंहार वाचणाऱ्या जवळच्या लोकांना तो आवडला नाही आणि त्यानं तो गाळला. त्याच्या मुलानं, क्रिस्टोफर टोल्कीननं, तो १९९२ मध्ये 'सॉरॉन डिफीटेड' या खंडात छापला. त्यामुळे कोट्यवधी प्रतींत सॅम अजून अर्धशहाणाच आहे, आणि दुरुस्ती अभ्यासकांच्या जाड खंडात पडून आहे. सरकारी गॅझेटमध्ये नाव बदललं तरी गाव जुन्याच नावानं हाक मारतं, तसं काहीसं.

इथे तुम्हाला मनुस्मृतीची आठवण झाली असेल, मलाही झाली. दुसऱ्या अध्यायात नामकरणाचा नियम आहे: ब्राह्मणाचं नाव मंगल सांगणारं हवं, क्षत्रियाचं बळ सांगणारं, वैश्याचं धन सांगणारं आणि शूद्राचं निंद्य. पुढच्याच श्लोकात शूद्राच्या नावाला चाकरी सुचवणारी जोड द्यायला सांगितलंय. साम्य डोळ्यात भरतं, पण म्हणून दोन्ही गोष्टी एकच आहेत असं मी म्हणणार नाही. सॅमचं नाव त्याच्या बापानं ठेवलंय, थोडं थट्टेनं, थोडं मायेनं. आपल्याकडेही मूल जगावं, दृष्ट लागू नये म्हणून दगडू, धोंडू, कचरू ठेवायचे, आणि ते सगळ्याच थरांत चालायचं. मनूचा नियम बापाला विचारत नाही. तो एका अख्ख्या वर्गाचं नाव आधीच ठरवून ठेवतो आणि त्यात मेयरची निवडणूक येत नाही. इंग्लंडातला वर्ग आणि आपली जात यांच्यात हे अंतर आहे, आणि तुलना करायची तर ते मोजूनच केली पाहिजे.

टोल्कीनच्या जगात ज्यांच्या नावांना कुठलंच घराणं नाही ते म्हणजे ऑर्क. 'ऑर्क' हा शब्द त्यानं जुन्या इंग्रजीतून घेतला, राक्षस या अर्थी. पण एकेका ऑर्कचं नाव? ग्रिश्नाक, उग्लुक, शाग्राट, गोर्बाग. नुसता खरखरीत आवाज. नाव घशात अडकलं की माणूस वाईट, एवढीच खूण. आणि गंमत म्हणजे सगळ्या पुस्तकात वरच्या साहेबांना शिव्या घालत, लढाई संपली की कुठेतरी लांब जाऊन आपलं आपण जगू असं बोलणारे दोघे भेटतात ते हेच, शाग्राट आणि गोर्बाग. मला ते पान नेहमी चटका लावतं.

आता हॅरी पॉटर. जे. के. रोलिंगनं एक्सेटर विद्यापीठात फ्रेंच आणि क्लासिक्स, म्हणजे ग्रीक-लॅटिन, यांचा अभ्यास केला. तिचं कपाट हे. पहिलं पुस्तक १९९७ चं. तिची नावं टोल्कीनइतकी खोल नाहीत असं माझं मत आहे, ती कोड्यासारखी आहेत, सुटलं की संपलं. पण सोडवायला मजा येते. रीमस लुपिन: रोमच्या दंतकथेत रोम्युलस आणि रीमस या जुळ्या भावांना लांडगीनं दूध पाजून वाचवलं, आणि 'लुपस' म्हणजे लॅटिनमध्ये लांडगा. सिरियस हा आकाशातला व्याधाचा तारा, ज्याला इंग्रजीत कुत्र्याचा तारा म्हणतात, म्हणून सिरियस ब्लॅक काळा कुत्रा होतो. मिनर्व्हा ही रोमन विद्यादेवता, आणि मॅकगोनागल हे आडनाव मात्र अत्यंत वाईट कविता करण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या स्कॉटिश कवीचं. आर्गस हा ग्रीक कथेतला शंभर डोळ्यांचा पहारेकरी, म्हणून शाळेतला रखवालदार आर्गस फिल्च. डम्बलडोर म्हणजे जुन्या इंग्रजी बोलीत भुंगा. व्होल्डेमॉर्टमध्ये फ्रेंच शब्द आहेत, आणि 'मॉर्त' म्हणजे मृत्यू.

हर्मायनी हे नाव ग्रीक कथेत हेलनच्या मुलीचं आणि शेक्सपिअरच्या 'विंटर्स टेल'मधल्या राणीचं. उच्चार अवघड. चौथ्या पुस्तकात रोलिंग एका परदेशी खेळाडूच्या तोंडून तो चुकीचा वदवते आणि हर्मायनीकडून अक्षरं तोडून नीट करवून घेते, म्हणजे वाचणाऱ्यांचाही उच्चार सुधारतो. वाचनात शेकडो वेळा भेटलेला पण कधी मोठ्यानं न ऐकलेला शब्द सेमिनारमध्ये उच्चारायची वेळ आली की पोटात गोळा येतो, तो काय असतो हे इथे कुणाला समजावून सांगायला नको.

कोडी सुटल्यावर जे उरतं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ब्लॅक घराण्याकडे बघा. शुद्ध रक्ताचा माज असलेलं जुनं घराणं. मुलांची नावं आकाशातून घेतलेली: सिरियस, रेग्युलस, बेलाट्रिक्स, अँड्रोमेडा, ओरायन. भिंतीवर वंशवृक्ष विणलेला पडदा, आणि घराण्याचे नियम मोडून लग्न करणाऱ्या, घर सोडून जाणाऱ्या मुलांची नावं त्यावरून जाळलेली. त्याच घरात राबणारा जो एल्फ आहे त्याचं नाव क्रीचर. इंग्रजी स्पेलिंग थोडं बदललंय, पण ऐकायला येतं ते 'जीव', 'प्राणी' एवढंच. त्याला आडनाव नाही. त्याच्या आधीच्या चाकर एल्फांची मुंडकी जिन्याच्या भिंतीवर लावलेली आहेत. मालकांची नावं वंशवृक्षावर आणि चाकरांची डोकी भिंतीवर. रोलिंगवर माझे बरेच आक्षेप आहेत, पण हे घर तिनं नीट पाहून उभं केलंय.

डॉबी हे नाव उत्तर इंग्लंडच्या लोककथांतून आलंय. तिथे डॉबी म्हणजे घरात वावरणारा एक छोटा भूतप्रकार. त्याच्या जातकुळीतले ब्राउनी रात्री गुपचूप घरकाम करतात, आणि त्यांना कुणी कपडे दिले की निघून जातात. ग्रिम बंधूंच्या चांभाराच्या गोष्टीतही चांभार-चांभारीण कपडे शिवून देतात आणि छोटे मदतनीस नाचत निघून जातात. लोककथेत ही मालकाला सावध करणारी गोष्ट आहे: फुकटचा गडी गमवायचा नसेल तर त्याला कपडे देऊ नका. रोलिंगनं ती गड्याच्या बाजूनं फिरवली. कपडा मिळाला की एल्फ मुक्त. अंगावर धड कपडा येणं आणि माणूस म्हणून मोजलं जाणं यांचा संबंध आपल्या लोकांना पुस्तकातून शिकावा लागला नाही, म्हणून डॉबीचा तो मोजा आपल्याला वेगळा लागतो. पण तिथेही नावाची मेख आहेच. हर्मायनी एल्फांच्या हक्कांसाठी संघटना काढते आणि तिच्या इंग्रजी आद्याक्षरांचा शब्द होतो 'स्प्यू', म्हणजे ओकारी. सगळे मित्र हसतात, लेखिकाही बहुधा हसतेच, आणि सिनेमात तर ही संघटना आलीच नाही. हक्क मागणाऱ्यांचं नाव विनोदी ठेवलं की मागणीवर वेगळं उत्तर द्यावं लागत नाही.

आता आपल्याकडची माणसं. हॉगवर्ट्समध्ये जुळ्या बहिणी आहेत, पार्वती आणि पद्मा पाटील. 'रीमस लुपिन'मध्ये रोमची दंतकथा, लॅटिन व्याकरण आणि पुढचं कथानक, सगळं भरलंय. 'पार्वती पाटील'मध्ये काय आहे? एक देवीचं नाव आणि एक आडनाव. इंग्रज वाचकाला त्यातून 'भारतीय' एवढं कळतं, काम भागलं. पण मराठी वाचकाला 'पाटील' म्हटल्यावर अख्खं गाव दिसतं. पाटीलकी हे वंशपरंपरेनं चालणारं वतन होतं, महसूल आणि गावगाड्याचा कारभार त्या घराकडे असायचा. आडनाव म्हणून ते आज अनेक जातींत आहे, पण शब्दाला वाड्याचा वास आहे. शुद्ध रक्तावर चाललेल्या सात पुस्तकांच्या भांडणात या पाटील बहिणींना काय वाटलं असेल? लेखिकेला हा प्रश्न पडलेला दिसत नाही, कारण ते नाव तिच्यासाठी दारावरची पाटी होतं.

नागिणीचं तसंच, किंबहुना त्याहून वाईट. व्होल्डेमॉर्टच्या सापिणीचं नाव 'नागिनी'. २०१८ मधल्या 'फँटॅस्टिक बीस्ट्स' मालिकेच्या सिनेमात ती शापामुळे साप होत जाणारी आशियाई बाई आहे असं उघड झालं आणि ती भूमिका दक्षिण कोरियाच्या अभिनेत्रीनं केली. टीका झाल्यावर रोलिंगनं सांगितलं की नाग हे इंडोनेशियातल्या पुराणकथांमधले जीव आहेत. आहेतच, पण शब्द संस्कृत-पालीचा आहे आणि तिकडे इथूनच गेलाय. बौद्ध परंपरेत मुचलिंद नावाचा नागराजा पावसात बुद्धावर फणा धरतो. आणि १५ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात, दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, हेच शहर का निवडलं हे सांगताना बाबासाहेबांनी नाग लोकांचा उल्लेख केला, बौद्ध धर्म पसरवणारे लोक म्हणून. एवढा इतिहास असलेलं नाव शेवटी खलनायकाच्या खांद्यावरच्या सापाला मिळालं. आपल्या इंग्रजी पौराणिक फँटसीतही फार वेगळं नाही. अमीश त्रिपाठीच्या 'इमॉर्टल्स ऑफ मेलुहा'मध्ये, २०१० चं पुस्तक, नाग म्हणजे जन्मतः शारीरिक व्यंग असलेली, समाजानं बाहेर टाकलेली माणसं. तिथे 'विकर्म' नावाचा गटही आहे, गेल्या जन्मीच्या पापाची शिक्षा भोगतात म्हणून ज्यांचा स्पर्श टाळला जातो. नायक शिव या कायद्याला विरोध करतो हे खरं. पण एवढं ओळखीचं वास्तव दाखवायला नवं गोंडस नाव का लागलं, हा प्रश्न मी विद्यार्थ्यांना नेहमी विचारते.

नावं उलगडून बघायचं काम आपल्याकडे नवं नाही, बरं का. 'गुलामगिरी'मध्ये, १८७३ साली, जोतीराव फुल्यांनी हेच केलं. बळीराजाच्या राज्याचे अधिकारी कोण होते, तर खंडोबा आणि महासुभा. महासुभाचा पुढे म्हसोबा झाला, अशी त्यांची मांडणी. शेंदूर फासलेल्या दगडामागे एक कारभारी आहे, एक गमावलेलं राज्य आहे, असं ते सांगतात. भाषाशास्त्रज्ञ यातल्या व्युत्पत्ती मान्य करणार नाहीत. पण आठवा, टोल्कीननंही ओकच्या ढालीची गोष्ट यादीतल्या नुसत्या नावावरूनच रचली होती. एकानं नावातून कादंबरी काढली, दुसऱ्यानं इतिहासावरचा दावा काढला. फुल्यांना करमणूक करायची नव्हती, एवढा फरक.

शेवटी अर्सुला ले ग्विनबद्दल बोलते, वेळ थोडा आहे, पण तिला वगळून चालणार नाही. 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' १९६८ चं. तिनं नावं पुराणातून घेतलीच नाहीत, कानाला ऐकू येतील तशी घडवली. तिच्या जगात प्रत्येकाला एक खरं नाव असतं आणि ते लपवायचं असतं, कारण ज्याला ते कळतं त्याची सत्ता तुमच्यावर चालते. नायक गेड हा गाँट बेटावरच्या कासाराचा मुलगा, शेळ्या राखणारा. रंगानं तांबूस तपकिरी. रोक बेटावरच्या जादूच्या विद्यापीठात तो शिकायला जातो, आणि तिथे जास्पर नावाचा सरदाराचा मुलगा त्याला शेळ्या राखणारा म्हणून डिवचत राहतो. पूर्ण पुस्तकातलं संकट त्या डिवचण्यातून सुरू होतं. त्याच विद्यापीठात नामगुरूचा एक थंडगार बुरूज आहे, तिथे विद्यार्थी नावांच्या याद्या पाठ करतात आणि मध्यरात्री कागदावरची शाई आपोआप उडून जाते. पाठ झालं तेवढंच तुमचं. गेडला तिथला एकच मित्र, व्हेच, काळ्या वर्णाचा. गेड सगळ्यात खचलेला असताना व्हेच काय देतो? आपलं खरं नाव, एस्टारिओल. दुसरं काही देण्यासारखं नसताना.

२००४ मध्ये अमेरिकी टीव्हीनं ही कथा केली तेव्हा गेडला गोरा करून टाकला. ले ग्विननं त्याविरुद्ध जाहीरपणे लिहिलं.

ती ज्या घरात वाढली त्या घरातली एक गोष्ट सांगते. तिचे वडील आल्फ्रेड क्रोबर, मानववंशशास्त्रज्ञ. १९११ मध्ये कॅलिफोर्नियात ओरोव्हिलजवळ याही जमातीचा एक माणूस सापडला. त्याच्या लोकांची कत्तल झालेली होती, तो एकटा उरला होता. त्याला विद्यापीठाच्या संग्रहालयात आणून ठेवलं. नाव विचारलं तर तो सांगेना, कारण त्याच्या रीतीप्रमाणे आपलं नाव आपण सांगायचं नसतं, दुसऱ्या कुणी तुमची ओळख करून द्यायची असते, आणि ती करून देणारं आता कुणी जिवंत नव्हतं. क्रोबरनी त्याला इशी म्हणायला सुरुवात केली. त्याच्या भाषेत इशी म्हणजे माणूस. १९१६ मध्ये तो क्षयानं गेला. ले ग्विनच्या आईनं, थिओडोरा क्रोबरनं, १९६१ मध्ये त्याच्यावर पुस्तक लिहिलं. अर्थसीतली लपवलेली नावं थेट तिथून आली असा दावा मी करत नाही. पण हे पुस्तक त्या घरात लिहिलं गेलं आणि सात वर्षांनी मुलीचं आलं, एवढं नोंदवते. त्याचं खरं नाव शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही.

ज्यांना पुढे वाचायचंय त्यांनी 'लॉर्ड ऑफ द रिंग्स'च्या तिसऱ्या खंडातलं एफ क्रमांकाचं परिशिष्ट आधी काढा, नेहमी न वाचता सोडतात तेच. त्यात टोल्कीन म्हणतो की आपण या कथेचे फक्त अनुवादक आहोत आणि सॅमचं मूळ भाषेतलं नाव सॅम नव्हतंच, बनाझिर होतं. अर्थ तोच. एडाचे इंग्रजी अनुवाद नेटवर फुकट मिळतात, यादी सुरुवातीच्या काही पानांतच सापडेल. 'गुलामगिरी' तर घरी असेलच.

आता प्रश्न घेऊया. मागच्या रांगेतल्या ताईंचा हात मघापासून वर आहे. जय भीम.